कॅमेऱ्याशेजारची जागा

सकाळी कापलेलं संध्याकाळी घरात नसायचं, हे लियानला पहिल्याच दिवशी कळलं.

शांघायच्या एका स्टुडिओत ती सिनेमाचं संकलन करायची. गिरणीतल्या दोन कामगार बायकांचा सिनेमा होता. त्यातली नायिका युझेन, गेली अकरा वर्षं लियानबरोबर एका खोलीत राहणारी. शेजाऱ्यांच्या लेखी त्या मावसबहिणी होत्या, आणि शेजाऱ्यांनी त्याहून खोलात शिरू नये, एवढंच दोघींचं मागणं होतं.

तपासणी खात्याचे काओसाहेब म्हणाले, "मैत्रिणी म्हणून चालतील. तो केसांवरून फिरणारा हात तेवढा काढा."

लियाननं काढला. संध्याकाळी युझेननं दार उघडलं तेव्हा तिची उजवी बाही रिकामी लोंबत होती.

"दुखतंय का गं?"

"काय दुखायचंय?" असं म्हणून तिनं डाव्या हातानं चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी लियाननं तो तुकडा चोरून परत जोडला. पण घाबरलेल्या माणसाचे हात कधी धड चालतात? फिल्मची पट्टी उलटी बसली. युझेनचा हात परत आला तो डावा. आता तिला दोन्ही हात डावे होते आणि तिची काहीच तक्रार नव्हती. झोप उडाली ती लियानची.

काओसाहेबांना हात दिसला. ते रागावले नाहीत, हेच वाईट लक्षण होतं.

"हात राहू द्या. पण ही बघते कशी, ते बघा. नजर काढा. नाहीतर नायिकाच काढू."

 ती नजर लियानला पाठ होती. जिच्याकडे बघायचं ती नटी कॅमेऱ्याशेजारी उभी राहते, अशी रीतच आहे. त्या दिवशी ती नटी तापानं फणफणली होती, म्हणून तिच्या जागी लियान उभी राहिली होती. चौकटीत युझेनच्या मागच्या भिंतीवर पडलेली सावली लियानचीच होती.

"बघणारी राहू द्या," ती म्हणाली. "जिच्याकडे बघते तिला काढते."

"चालेल."

तिनं ब्लेड घेतलं आणि एकेका चौकटीतून ती सावली खरवडून काढली. सगळी दुपार त्यात गेली.

संध्याकाळी तिनं घराच्या दारावर थाप मारली. थापेचा आवाजच झाला नाही. तरी युझेननं दार उघडलं, कारण रोजची वेळ झाली होती. तिचे डोळे शाबूत होते. लियानला हायसं वाटलं. युझेननं जिन्याकडे पाहिलं, मग लियान उभी होती तिथे, अगदी त्याच नजरेनं.

"कोणाची वाट बघतेस गं?" समोरच्या फांगकाकूंनी विचारलं.

"आठवत नाही, काकू," युझेन म्हणाली, आणि दोन डाव्या हातांनी दार उघडं धरून तशीच उभी राहिली.