धाकटा समजून थोरल्याला धरलं

मी एक जुनी कुपी आहे, करंगळीएवढी, निळ्या झाकणाची. मित्रांनो, माझ्या पोटात काय आहे सांगू? एका पांढऱ्या सशाच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. एखादा नेमका पदार्थ ओळखून त्याला घट्ट धरायचं, एवढंच त्यांचं काम.

पेशींमध्ये निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. त्यांतले दोघे अगदी सख्खे भाऊ, थोरला आणि धाकटा. वजन सारखं, तोंडवळा सारखा, फरक काय तो शेपटीकडच्या तुकड्यात. 'ही फक्त धाकट्याला धरते,' असं माझ्या लेबलवर छापलं होतं. मी आपली फ्रीजरमध्ये नाकाने कांदे सोलत बसले होते.

मला वापरायची प्रयोगशाळेतली एक ताई. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी कोणत्या भावाच्या निरोपावर वाढतात, हे तिला शोधायचं होतं. म्हणजे पुढे त्यालाच अडवणारं औषध करता आलं असतं. ती पेशींतली प्रथिनं एका पातळ पट्टीवर उतरवायची आणि माझा एक थेंब पाण्यात मिसळून त्यावर ओतायची. मी जिथे धरलं, तिथे काळी रेघ उमटायची.

पहिली रेघ दिसली तेव्हा ताई ओरडलीच, "अगं बाई, आला की धाकटा!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम मात्र म्हणाल्या, "ज्या पेशींत धाकटा मुळीच नाही, त्यांच्यावरही एकदा बघून घे."

"त्या मागवण्यात दोन महिने जातील, मॅडम. आणि लेबलवर लिहिलंय ना!"

मॅडमनीही मग विषय सोडला. माझ्याच रेघांच्या भरवशावर ताईच्या पीएचडीची चार वर्षं गेली.

प्रबंध द्यायला आठवडा उरला, तेव्हा मनाच्या समाधानासाठी ताईने मागवलेल्या त्या पेशी आल्या. त्यांत धाकटा नव्हताच, तरी रेघ उमटली, तितकीच काळी. इतकी वर्षं मी थोरल्यालाही धरत होते. शपथेवर सांगते, मला कधी कळलंच नाही.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ताईने पायाने कचरापेटीचं झाकण उघडलं आणि पट्टी हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. मग झाकण सोडून दिलं आणि पट्टी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"चार वर्षं पाण्यात गेली गं," मॅडम म्हणाल्या. "मीच हट्ट धरायला हवा होता."

मित्रांनो, नुसत्या लेबलावरून आमच्यावर विसंबू नका. जिथे काहीच सापडायला नको, तिथे आधी आम्हाला तपासून बघा. आमची चूक आम्हाला दिसत नाही हो.

संध्याकाळी ताईच्या बाबांचा फोन आला. "दिलास का गं प्रबंध?"

"नाही, बाबा. पुन्हा पहिल्यापासून करायचाय."

बाबा म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

तेव्हा कुठे ताई रडली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. तिने डोळे पुसले, माझं झाकण घट्ट लावलं आणि मला सांभाळून जागेवर ठेवलं.