ताईच्या सुया माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. कपडे धुण्याच्या लिक्विडची. जाड अंगाची, पांढरी आणि घट्ट झाकणाची. अत्तराची बाटली लोक आरशासमोर ठेवतात, माझ्यासारखीला मोरीत ठेवतात. तरीही आज तुमच्यापुढे थोडी ऐट करणार आहे. एका घरावरचे मोठे संकट टळले, त्यात माझाही खारीचा वाटा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेल्या प्लास्टिकची नळी साच्यात धरली, आत जोराने हवा फुंकली आणि गाल फुगवावेत तशी मी फुगले. मग माझ्यात निळे लिक्विड भरले, पोटावर फुलांचे चित्र चिकटवले आणि मला एका लॉन्ड्रीत पाठवले.

ती लॉन्ड्री ताईची. पुढे काउंटर, मध्ये दोन मशिने आणि इस्त्रीचे लांब टेबल, मागे राहायच्या दोन खोल्या. तिथे ताई आणि तिची धाकटी बहीण राहत. धाकटीला सगळे चिमणी म्हणत. जन्मली तेव्हा ती म्हणे मुठीएवढी होती. पुढे नावाचा आणि अंगाचा काही संबंध उरला नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच. चिमणी एका हॉटेलात रिसेप्शनला होती आणि त्या हॉटेलचे कपडे ताईकडेच धुवायला येत.

माझे ते दिवस मानाचे होते. कॉलरवरचा मळ निघाला की ताई मला थोपटायची. म्हणायची, "तू आहेस म्हणून माझी अब्रू आहे बाई." पण लिक्विड संपले आणि माझी किंमतही संपली. गरज सरो, वैद्य मरो! माझ्याबरोबर आलेल्या एका बाटलीचे तोंड कापून तिचा मग केला, दुसरी भंगारात गेली. मी बेसिनखाली धूळ खात पडले. आपली पाळी कधी येते, याची वाट बघत होते. मला फार वाईट वाटत असे.

मला तिथून बाहेर काढले ते ताईच्या गुडघ्यांनी.

दिवसभर उभे राहून इस्त्री करायची, त्यात वजन वाढलेले आणि रक्तातली साखरही चढत चाललेली. संध्याकाळी ताईला खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागे. चालणे झाले, खाण्यापिण्याचे पथ्य झाले. शेवटी डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि भूक कमी करून वजन आणि साखर उतरवणारे, आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन लिहून दिले. पेनासारखे दिसणारे औषध आणि दर वेळी लावायची नवी, नखाएवढी सुई. कसे टोचायचे ते शिकवायला नर्स घरी आली. चिमणीही शेजारी बसून ऐकत होती.

"पहिला डोस अगदी थोडा," नर्स म्हणाली. "अंगाला सवय झाली की डॉक्टरबाई पायरीपायरीने वाढवतील. तुम्ही आपल्या मनाने वाढवायचा नाही. शेजारणीच्या मनाने तर नाहीच नाही."

"आणि वापरलेली सुई? कागदात गुंडाळून टाकते कचऱ्यात."

"म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसेल. कागदातली सुई त्याला दिसणार आहे का? त्यापेक्षा जाड प्लास्टिकची एखादी बाटली नाही का घरात?"

ताईने वाकून बेसिनखाली हात घातला. मला धुतले, वाळवले आणि फ्रीजशेजारच्या उंच फळीवर ठेवले. कुठे मोरी आणि कुठे ही फळी! माझ्यात औषध नव्हते, नुसत्या वापरलेल्या सुया पडणार होत्या. पण त्या सुयांनी कुणाचे बोट रक्ताळणार नाही, हे माझ्यामुळे. मी मनातल्या मनात छाती फुगवली.

दर शनिवारी सकाळी ताई फ्रीजच्या दारातून पेन काढायची. फ्रीजरजवळ नको, गोठलेले औषध वाया जाते, असे नर्सने बजावले होते. पोटावर जागा बदलून टोचायचे, सुईला मोठे टोपण लावायचे, मग ती फिरवून काढायची आणि माझ्या तोंडात टाकायची. टक्! सुरुवातीला ताईला मळमळायचे. मग ती थोडे थोडे आणि सावकाश खायला शिकली. महिने गेले, डोस हळूहळू वाढला आणि एका संध्याकाळी ताई टेबलाला हात न लावता खुर्चीतून उठली. तिचे तिलाच नवल वाटले. चिमणीने टाळ्या वाजवल्या.

पण टाळ्या वाजवणाऱ्या चिमणीच्या मनात काही वेगळेच शिजत होते.

हॉटेलने नवे गणवेश शिवून घेतले होते. चिमणीच्या कोटाचे बटण काही केल्या काजापर्यंत पोचेना. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "महिनाअखेरीपर्यंत कोट बसला तर ठीक, नाहीतर तुम्हाला आतल्या कामाला घेऊ." समोर बसून चार माणसांशी गोड बोलणे हाच तिच्या जिवाचा आनंद होता. घरी येऊन ती ताईला काही बोलली नाही. आरशासमोर कोट ओढत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

या दोघींचे लहानपणापासून सगळे सामाईक. तेल एक, छत्री एक, चपला एकीच्या आणि पाय दोघींचे. खोकल्याचे औषधसुद्धा एकाच चमच्याने. मग फ्रीजमधले पेन तेवढे परके कसे वाटावे?

मंगळवारची दुपार होती. ताई बाहेर काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलत होती. चिमणी चोरपावलांनी आत आली, पेन काढले, नवी सुई लावली आणि ताई घेते तेवढाच डोसाचा आकडा फिरवून पोटावर टोचून घेतले. ताई कित्येक महिने पायऱ्या चढत जिथे पोचली होती, तिथे हिने पहिल्याच दिवशी उडी मारली. मग इकडे तिकडे बघून तिने सुई काढली आणि माझ्या पोटात टाकली. नर्सचा अर्धा धडा तिला पाठ होता, अर्धा ती सोयीस्कर विसरली होती. मी ओरडले असते, मित्रांनो, पण बाटलीला नुसते तोंड असते. जीभ नसते.

दुसऱ्या दिवसापासून चिमणीला उलट्या सुरू झाल्या. "हॉटेलात काहीतरी बाधलं," असे तिने ताईला सांगितले. ताईने साखरमिठाचे पाणी दिले, तेही पोटात ठरेना. शुक्रवारी तिचे ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते, उभे राहिले की भोवळ येत होती. आणि तरी ही बाई भिंतीला धरून फ्रीजपर्यंत आली आणि पेनाकडे बघून पुटपुटली, "आणखी एकदा घेतलं की बटण लागेल." माझ्या पोटात सुया होत्याच, आता गोळाही आला. दुसरा डोस आत गेला तर हिचे काय होईल? तेवढ्यात ताईची पावले वाजली आणि चिमणी रिकाम्या हाताने मागे फिरली.

शनिवार उजाडला. नेहमीप्रमाणे ताईने मला खाली घेऊन झाकण उघडले आणि तिचा हात तसाच राहिला. वरच एक सुई पडली होती. तिला टोपण नव्हते.

"चिमणे, इकडे ये."

चिमणी भिंत धरत आली.

"मी टोपण लावल्याशिवाय सुई टाकत नाही. ही उघडी कुणाची?"

चिमणी मान खाली घालून म्हणाली, "तूच म्हणतेस ना, सुई कचऱ्यात टाकायची नाही."

ताईला हसावे की रडावे कळेना. "अगं, एवढं ऐकलंस, तर तेवढंच का ऐकलंस?"

"तुझं ते माझं, असंच चाललंय ना आपलं लहानपणापासून?"

"चप्पल चालेल गं राणी. औषध कसं चालेल? अंग माझं वेगळं, तुझं वेगळं!"

ताईने तिथल्या तिथे डॉक्टरबाईंना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता या, पेनही आणा," असे त्या म्हणाल्या. ताईच्या तोंडचे पाणी पळाले होते. तिने कपड्यांच्या पिशवीत पेन टाकले, नव्या सुयांचा डबा टाकला, झाकण लावून मलाही टाकले आणि घाईत कुणाचे तरी दोन इस्त्रीचे शर्टही कोंबले.

"ही बाटली कशाला आणली?" दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारले.

"हिनेच तर सांगितलं मला," ताई म्हणाली. माझा जन्म सार्थकी लागला!

डॉक्टरबाईंनी चिमणीला बरेच काही विचारले. पोटात कळ येते का, ती पाठीत जाते का, दिवस गेलेले नाहीत ना, पूर्वी काही आजार?

"दोन वर्षांपूर्वी पित्ताशयात खडे झाले होते."

डॉक्टरबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. "मग हे औषध तुला द्यायचं की नाही, याचा मी दहा वेळा विचार केला असता. म्हणून आधी तपासायचं असतं, बाळा."

चिमणीला सलाईन लावले, रक्त घेतले, पोटाची सोनोग्राफी केली. ताई बाहेर बाकावर मला मांडीवर घेऊन बसली. ती सारखी वळून दाराकडे बघत होती, त्यामुळे माझ्या पोटातल्या सुया खुळखुळत होत्या. दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "स्वादुपिंडाला सूज नाही, खड्यांचाही त्रास नाही. अंगातलं पाणी कमी झालं होतं, ते भरून येतंय. दुसरा डोस घेतला असता, तर मात्र इतक्यावर निभावलं नसतं."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती भर दवाखान्यात हुंदके देऊन रडली आणि मग डोळे पुसलेल्या पदरानेच तिने पिशवीतून डोकावणाऱ्या त्या दोन शर्टांवर पडलेले थेंब टिपले. ते पेन मात्र डॉक्टरबाईंनी काढून घेतले. सुई बदलली तरी एकाचे रक्त पेनात जाऊ शकते, म्हणून ते आता कुणीच वापरायचे नव्हते. दोघींच्या रक्ताची तपासणीही झाली आणि पुढे ती निर्धोक निघाली.

घरी आल्यावर चिमणीने कोटाची सगळी हकिगत सांगितली. ताईने कोट मागितला, इस्त्रीच्या टेबलावर उलटा टाकला आणि शिवणीवरून बोट फिरवले. शिंप्याने दोन्ही बाजूंना चांगले दोन दोन बोटे कापड आत दाबून ठेवले होते! ताईने टाके उसवले आणि नवी शिवण घातली. बटण काजात बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघी इतक्या हसल्या, की काउंटरवरचे गिऱ्हाईक आत डोकावून गेले.

आता चिमणीच्या वजनाचे डॉक्टरबाई वेगळे बघतात. सध्या ती ताईबरोबर रोज फिरायला जाते आणि काय खावे ते विचारून खाते. औषधाचे पुढे काय, ते त्या ठरवतील. ताईचा उपचार नव्या पेनाने सुरू आहे.

माझे पोट आता भरत आले आहे. काठोकाठ भरायचे नसते, म्हणून ताईने माझ्या झाकणावर चिकटपट्टी फिरवली आहे. उद्या मी इस्पितळातल्या सुयांच्या पेटीत जाईन, तिथून भट्टीत. मला भीती वाटत नाही. मित्रांनो, मागे राहणाऱ्यांसाठी एकच विनवणी आहे. घरात भाकरीतला तुकडा वाटून खा, एका छत्रीतून दोघे जा, पण दुसऱ्याच्या नावाचे औषध आपल्या अंगात घेऊ नका. आणि मनाला काही टोचत असेल, तर ते आपल्या माणसाला आधी सांगा. कदाचित ते दोन बोटे शिवण उसवण्याइतके सोपे असेल.

फळीवर माझ्या जागी नवी बाटली आली आहे. मला इस्पितळात पोचवायला चिमणीच येणार आहे. आज तिने नव्या बाटलीवर कागद चिकटवला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'ताईच्या सुया. फक्त ताईच्या. हुकमावरून, चिमणी.'