माळेची आण

वामनराव शेगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील या धास्तीनं अर्धा झालेला. शेटजींनी आफ्रिकेत युगांडाला जिन टाकला आणि इथले कसबी फिटर तिकडे पाठवायचं काम यांच्या गळ्यात पडलं. पहिला गडी परतला तो वाळीतच पडला. परक्याच्या हातचं खाल्लं म्हणून. दुसरा कोणी तयार होईना. मग वामनराव ताकही फुंकून पिऊ लागले.

पुढच्या खेपेला निवृत्ती आणि जब्बार निघाले. स्टेशनावर चारचौघांत वामनरावांनी निवृत्तीला गळ्यातल्या तुळशीच्या माळेची आण घातली, "तिथं स्वतः रांधून खाजो. परक्याच्या हातचं नाही." चारचौघं खूश झाले. निवृत्तीची आई झुंबरबाई शेजारीच उभी होती. तिला कोणी विचारलंही नाही.

पुढे जब्बारची तार आली. निवृत्ती तापानं पडलाय, चुलीपाशी उठून जाववत नाही, माझ्या हातचं घेत नाही. साहेबांनी आण सोडवावी.

वामनरावांनी दार लावून घेतलं. आण सोडवली आणि गावात फुटलं, तर पुढच्या हंगामाला एकही गडी जहाजावर चढणार नव्हता. त्यांनी उलट तार केली, 'हिंदू आचारी पाहा.' त्या रानात आचारी कुठला? हे त्यांनाही कळत होतं. तरी तार करून ते जेवायला बसले.

निवृत्ती गेल्याची तार त्यानंतर आली आणि हंगाम संपल्यावर जब्बार एकटाच परतला. वामनरावांचं मन त्यांना खात होतं. ते जब्बारला घेऊन झुंबरबाईच्या दारी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"मीच मारला त्याले," ते म्हणाले.

झुंबरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं जब्बारला विचारलं, "काय करत होता रे त्याच्यासाठी?"

"पेज, काकी. रोज करो. तो तोंड फिरवे. म्हणे, साहेबाचा जबाब येऊ दे."

"मंग?"

"मंग जबाब आला."

झुंबरबाईनं पदर तोंडात धरला. मग म्हणाली, "मानमोडीच्या साथीत मी पडली होती. निवृत्ती रांगत होता. तुह्या मायनं, नूरजहांनं, पेज पाजून जगवला त्याले. साऱ्या गावानं पाह्यलं, कोणी हूं का चूं केलं नाही."

आता ती वामनरावांकडे वळली.

"मले काऊन नाही इचारलं हो? दोन गल्ल्या सोडून तं घर आहे माह्यं."