एका पानापुरतं नाव

बस डेपोत त्यांना सगळे मास्तर म्हणत. दीडशे चालकांच्या ड्यूट्या लावणारी एक्सेलची फाइल त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी बनवली होती. चालकांच्या यादीला त्यांनी 'चालक' असं नाव देऊन ठेवलं होतं. फॉर्म्युल्यात तेवढं नाव घातलं की फाइल आपसूक यादीत शिरून माणूस शोधून आणायची. गेल्या वर्षी धाकट्या भावाची मुलगी शिकून घरी बसली होती. मॅनेजरच्या नाकदुऱ्या काढून मास्तरांनी तिला इथं चिकटवलं, शेजारी खुर्ची दिली आणि फाइलची खडान्‌खडा माहिती शिकवली.

सोमवारी सकाळी त्यांनी फाइल उघडली, तर ड्यूटीच्या पानावर खान्याखान्यात चालकाच्या जागी एकच एरर. नेम, नेम, नेम.

"काय हो मास्तर," खिडकीतून एक चालक ओरडला, "आज बसनंच आमच्यातला एकेक निवडून घ्यायचा का?"

मागचे खदखदून हसले.

मास्तरांनी स्पेलिंग तपासलं. नावापुढे चुकून स्पेस पडली आहे का पाहिलं. यादी पुसली गेली असती तर एरर दुसरी आली असती. ही म्हणत होती की असलं काही नावच मला ठाऊक नाही. आणि रजेच्या पानावर तेच नाव बिनबोभाट चालत होतं! पुतणी शेजारी बसून नखं बघत होती. पस्तीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनी फाइलमधल्या सगळ्या नावांची यादी, 'नेम मॅनेजर', उघडली. 'चालक' तिथं होतं, पण पुढे लिहिलं होतं, फक्त रजेच्या पानापुरतं.

एकदा दिलेल्या नावाची हद्द बदलता येत नाही. जुनं नाव पुसायचं आणि नव्यानं द्यायचं, एवढाच मार्ग. तो त्यांनी एकाच माणसाला शिकवला होता.

"उठा," मागून मॅनेजर म्हणाला. "बघू दे तिला."

ती बसली. नाव पुसलं, अख्ख्या फाइलसाठी नव्यानं दिलं. दोन मिनिटांत पान भरलं. खिडकीबाहेर टाळ्या पडल्या.

"मास्तर, आता पुतणीकडे शिकवणी लावा!"

मास्तर तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय."

"मीच सांगितलं होतं तिला," मॅनेजर चहा ढवळत म्हणाला. "बघायचं होतं, तुम्हाला सापडतं का."

"सापडलं होतं की!"

"पस्तीस मिनिटांनी. तिनं दोन मिनिटांत केलं."

"तिनंच बिघडवलं होतं साहेब, तिला काय शोधायचं होतं?"

मॅनेजर मनापासून हसला. "तेही खरंच. पण लोकांनी तुमची पस्तीस मिनिटं पाहिली ना? आता तुम्हाला हलवलं तर कुणी ब्र काढणार नाही. उद्यापासून तुम्ही हरवलेल्या सामानाच्या खोलीत."

बाहेर पुतणी त्यांचा ड्रॉवर रिकामा करत होती. चष्म्याचं घर, गोळ्यांची पाकिटं, सगळं नीट पिशवीत भरलेलं.

"मला आधी सांगायचंस तरी," मास्तर म्हणाले. "मी आपणहून उठलो असतो."

"नसता उठलात, काका." तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली. "आणि पासवर्ड बदललाय मी. उगाच उघडायला जाऊ नका, लॉक होईल."

दुपारी भावाचा फोन आला. त्याचा आवाज आनंदानं फुटत होता. "दादा, ऐकलं मी! पोरीला तुझी जागा दिली म्हणे. तू तयार केलीस रे तिला. तुझे उपकार कसे फेडू?"

मास्तरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"दादा? ऐकतोयस ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "हुशार आहे पोरगी."

"थांब, वहिनीला घरी फोन लावतो. तिलाही सांगतो."

"मी सांगेन," मास्तर म्हणाले आणि सामानाच्या खोलीची किल्ली मागायला गेले.