मुकादमाचा खणखणाट

शिलाई मशीनची वायर, दोन तुकड्यांत.
आजोबांच्या खिशात सफरचंदाची फोड.
जिन्यात उभी असलेली, डोळे सुजलेली नर्स.
एक चप्पल, तीही अर्धीच.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. संबंध मी आहे. मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे.

खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका वेल्डरने उरलेल्या गजांतून मला घडवले, कोंबड्यांसाठी. "हत्ती बसला तरी वाकणार नाही," असे तो माझ्यावर बुक्की मारून सांगे, तेव्हा माझा ऊर भरून येई. पुढे कोंबड्या गेल्या आणि मी गच्चीवर पडलो. माझ्यावर आधी फुलांच्या कुंड्या ठेवल्या, मग रिकाम्या कुंड्या, मग काहीच नाही. अंगावर गंज चढत गेला.

एके दिवशी वेल्डरची बहीण गच्चीवर आली. ती घरीच कपडे शिवते.

"दादा, हा नेऊ का? आमच्या टिकलीने ससा आणलाय."

"ने की. हत्ती बसला तरी…"

"ससा बसणार आहे रे."

तिने मला घासले, धुतले, आणि मी पुन्हा माणसांत आलो.

ससा पांढरा, एक कान काळा. घरभर हिंडून तो प्रत्येकाच्या कामावर नजर ठेवी, म्हणून टिकलीच्या आजोबांनी त्याचे नाव मुकादम ठेवले. त्याच्या दातांना सुट्टी ठाऊक नव्हती. त्याने चटई उकरली, आजोबांची चप्पल संपवत आणली आणि मशीनची वायर तोडली. नशीब, प्लग काढलेला होता. त्या दिवसापासून टिकलीच्या आईने त्याला माझ्यात कोंडले.

आणि उजाडले की सुरू.

खण. खण. खण.

तो माझा गज दातांत धरून हलवी, मध्येच मागच्या पायांनी फरशीवर धप्प करी. खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून त्याच वेळी अंथरुणाला पाठ टेकत असे. एका सकाळी ती जिना चढून वर आली.

"काकू, माझ्या डोक्यावर लोहार राहायला आलाय का?"

"ससा आहे गं."

"ससे गप्प असतात ना?"

"आमचा मुकादम आहे."

नर्स हसली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगते, काल सुई टोचताना माझा हात थरथरला. झोपच नाही हो."

आईचा चेहरा उतरला. संध्याकाळी तिने सांगून टाकले, "रविवारी मुकादम रोपवाटिकेत जाणार. तिथला माळी सांभाळायला तयार आहे. पिंजरा भंगारात."

टिकलीने ताट सरकवले. आजोबा "बरोबर आहे तुझं" म्हणाले, पण भिंतीकडे बघून. मी गजागजांतून हादरलो.

शनिवारी सकाळी मुकादमाने पुन्हा गज धरला. टिकली तिच्या खोलीतून आली, आजोबा गॅलरीतून, आई स्वयंपाकघरातून. तिघेही माझ्यासमोर येऊन थबकले. तिघांचाही एक एक हात लपवलेला.

"तू काय करतेस इथे?" आजोबांनी टिकलीला विचारले.

"पाणी प्यायला आले."

"पाणी तिकडे आहे."

"आणि बाबा, तुमच्या खिशात काय आहे?" आईने विचारले.

"खिशात माझा हात आहे."

टिकलीने आईची मूठ उघडली. आत कोथिंबिरीच्या काड्या होत्या. टिकलीच्या पाठीमागे गाजर निघाले. आजोबांनी मुकाट्याने सफरचंदाची फोड बाहेर काढली आणि हसत हसत खालीच बसले.

"तीन तीन नाश्ते. अगं, हा मुकादम कसला, हा तर मोठा साहेब. घंटी वाजवतो आणि शिपाई हजर."

"गप्प बसावा म्हणून देत होते मी," आई म्हणाली.

"मी पण," टिकली म्हणाली.

"म्हणजे वाजवायला त्याला आपणच शिकवलं," असे म्हणून आई खाली गेली आणि नर्सकडे आणखी एक आठवडा मागून आली.

"घ्या," नर्स म्हणाली, "कापसाचे बोळे माझ्याकडे भरपूर आहेत."

मग काय, घराचे रूपच पालटले. वायरी प्लास्टिकच्या नळ्यांत गेल्या. माझ्याखाली जाड सतरंजी आली. उकरायला गवताने आणि कागदाने भरलेले खोके आले. माळ्याने ससा नेण्याऐवजी फवारणी न केलेल्या वाळक्या फांद्या पाठवल्या, मनसोक्त कुरतडायला. सकाळ-संध्याकाळ खोलीभर धावायची मोकळीक मिळाली. आणि गज वाजला की कुणीही उठायचे नाही, तो थांबला की मगच जायचे.

सुरुवातीला मुकादमाने दुप्पट जोर लावला. तिघे स्वयंपाकघरात एकमेकांचे हात धरून बसले. "उठाल तर बघा, बाबा," आई दटावत होती, आणि अर्धी उठलेली तीच होती.

हळूहळू खणखणाट विरळ झाला. मग एका सकाळी नर्स धावत वर आली.

"ससा बरा आहे ना? आवाजच नाही म्हणून घाबरले. दुपारपर्यंत झोपले की हो मी."

मुकादम खोक्यात डोके खुपसून कागद उडवत होता. त्याला भेटीगाठींना वेळ नव्हता.

पुढच्या रविवारी वेल्डर आला, पण मला न्यायला नाही. त्याने माझे दार काढले. भंगारात तेवढे दारच गेले. आता मुकादम मनात आले की बाहेर जातो, दमला की माझ्यात येऊन पाय पसरतो. माझ्या अंगावर त्याचे केस असतात आणि गंजाची आठवणही येत नाही.

मित्रांनो, दात असलेल्या जिवाला कुरतडायला काहीतरी द्या आणि पाय असलेल्याला धावायला जागा द्या. गोंगाट करणाऱ्याकडे सगळेच धावतात. तो शांत बसलेला असेल, तेव्हाही त्याच्याकडे जात जा.

मला या घरी आणले त्या पहिल्या दिवशी मुकादम इतका लहान होता, की माझ्या दोन गजांमधून सहज बाहेर पडला, थोडे फिरला, आणि आपणहून आत येऊन झोपला.