गर्दी नसलेला विषय

फरशी बसवणाऱ्या मिस्त्र्याच्या घरात दोनच माणसं होती, मिस्त्री आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी, आणि दोघं मिळून दिवसाला वीस वाक्यं बोलली तरी खूप. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." झालं, संपला संवाद. आई होती तेव्हा तीच तिघांच्या वाटचं बोलायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि ते काम नंतर कुणी अंगावर घेतलंच नाही.

मुलगी उंच, सडपातळ, चालायची नाकासमोर. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. बाप लाडात आला की तिला ओळंबा म्हणायचा. लाडात यायचा वर्षातून दोनदा.

पोरगी हुशार होती, पण परीक्षेपुरती हुशार असतात तशी नाही. आई गेल्यावर शाळेला सुट्टी असली की बाप तिला कामावर न्यायचा, घरी एकटी ठेवणार कुठे? ती दहा वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला, मला पंचकोनी फरशीच हवी. बाप म्हणाला, बसत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, तुम्हाला बसवता येत नाही असं म्हणा की! पोरीने पुठ्ठ्याचे सारखे पंचकोन कापले आणि दिवसभर जोडत बसली. तीन जोडले की मध्ये एक चिंचोळी फट उरायची. संध्याकाळी तिने कोन मोजून त्या गिऱ्हाइकाला दाखवून दिलं की ही फट आज नाही, उद्या नाही, कधीच बुजायची नाही. गिऱ्हाईक मुकाट चौकोनावर आलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात गणित जे शिरलं ते निघालंच नाही.

आता एवढं सगळं सरळ असताना घोडं अडलं कुठे? तर अर्जात.

तिला जायचं होतं त्या विद्यापीठात शंभर जण अर्ज करायचे आणि सहा-सात आत जायचे. वर नियम असा की अर्ज करतानाच विषय सांगायचा, एकच सांगायचा, आणि एकदा सांगितला की बदलायचा नाही. शाळेत अर्जांचं काम बघणारे एक सर होते. पोरं त्यांना टक्के सर म्हणायची, कारण ते टक्केवारीशिवाय 'नमस्कार'सुद्धा म्हणत नसत. त्यांनी तिला समोर बसवलं.

"गणिताला एका जागेमागे सतरा," सर म्हणाले. "म्हणजे सहा टक्केही नाही. आणि ही सतरा कोण? जन्मल्यापासून शिकवणीत घातलेली. आता हे बघ, प्राचीन लिपी. एका जागेमागे अडीच. चाळीस टक्के! अगं, अकरा वर्षांत आपल्या शाळेतून तिथे कुणी गेलेलं नाही. आधी आत तर शिर."

"पण सर, मला लिपीतलं काही येत नाही."

"कुणालाच येत नाही! म्हणून तर अडीच आहेत."

उंटावरचा शहाणा! माणूस वाईट नव्हता हो, जीव तोडून सांगत होता. पण पोरगी काय शिकेल हे त्या अडीचात कुठेच नव्हतं.

तिला त्या दिवशी एकच हवं होतं. कुणीतरी तिच्याशी भांडावं. म्हणावं, वेडी आहेस का, गणित सोडतेस? किंवा म्हणावं, सरांचं ऐक. काहीही म्हणावं, पण तिच्या बरोबरीने विचार करून म्हणावं. मैत्रिणी म्हणाल्या, तुझं काय बाई, तू कुठेही जाशील. आत्या फोनवर म्हणाली, डॉक्टर हो. आणि बापाला विचारलं तेव्हा तो बादली धूत होता. बादली धुता धुताच म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? तू हुशार आहेस. तू ठरवशील ते बरोबरच असणार."

सगळ्यांनी एवढा विश्वास टाकला की पोरगी अगदी एकटी पडली. तिने खोलीचं दार लोटून घेतलं आणि फळीवरच्या गणिताच्या वह्यांकडे बघत बसून राहिली.

बापाच्या कामाची एक रीत होती. सिमेंट-वाळूचा माल कालवण्याआधी सगळी फरशी कोरडीच मांडायची. खोलीभर. मग घरमालकाला बोलवायचं, दारातून बघा, खिडकीतून बघा, इथे कापलेला तुकडा येतोय, चालेल का? मालक हो म्हणाला की सगळं उचलायचं आणि मग पक्कं बसवायचं. एका माणसाच्या नजरेवर फरशी बसवू नये, असं तो म्हणायचा. पोरीने हे शंभरदा ऐकलं होतं. पण स्वतःचा अर्ज तिने कुणाला दाखवला नाही. दाखवायचा कुणाला? प्राचीन लिपीसमोर खूण केली, दोन पुस्तकांतून वेचून 'मला लहानपणापासून या अक्षरांचं आकर्षण आहे' असं पानभर लिहिलं, आणि पाठवून दिलं.

रात्री जेवताना बापाने विचारलं, "कुठला विषय घेतलास मग?"

"जुन्या लिपी. मातीच्या पाट्यांवर लिहायचे ना, त्या."

"आवडतं तुला ते?"

"खूप," ती म्हणाली. बापाने मान हलवली आणि ताटातलं संपवलं.

त्यानंतर बाप दर गुरुवारी उशिरा येऊ लागला. विचारलं तर "काम होतं" म्हणायचा. तिला वाटलं, घरी यायचाही कंटाळा आला असणार याला. तसं तोंडाने म्हणाली नाही, पण गुरुवारी ती जेवून घ्यायची आणि त्याचं झाकून ठेवायची.

दोन महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. टक्के सरांनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. पाच तास गाडीत बसून ती एकटी गेली. दगडी जिने, लांबलचक बोळ, आणि बोळाच्या टोकाला एका खोलीत कोपरावर विरलेला स्वेटर घातलेल्या एक वयस्क प्राध्यापिका बसल्या होत्या.

पहिली दहा मिनिटं पोरगी पाठ केलेलं बोलली. बाई ऐकत होत्या, पण त्या कंटाळल्यात हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग त्यांनी एका मातीच्या पाटीचं छायाचित्र पुढे सरकवलं. "वाचू नकोस. नुसतं बघ. काय दिसतं?"

तिने बघितलं. "याने चुकीच्या कडेने सुरुवात केली," ती म्हणाली. "इथे जागा सैल सोडली, म्हणून त्या टोकाला सगळं दाटीवाटीने कोंबावं लागलं. आधी मांडून बघितलं नाही. मधून दोन्हीकडे गेला असता तर निभावलं असतं."

बाई पुढे सरकल्या. "हे तुला कसं कळलं?"

आणि मग काय विचारता! पोरीचं तोंड सुटलं. फरशी, बाप, पंचकोन, ती चिंचोळी फट. कोणते आकार फट न ठेवता जमीन भरतात, कोणते नाही, सगळ्या बाजू सारख्या नसलेले पंचकोन घेतले तर काही काही कसे बसतात. बाईंनी कागद दिला. तिने चार कागद भरले. नऊ वर्षांत ती एवढं बोलली नव्हती. बाई अधूनमधून "पण का?" म्हणत अडवत होत्या, चक्क भांडत होत्या, आणि तिला वाटलं, हेच तर मला हवं होतं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिचे कान तापलेले होते.

बाईंनी कागद गोळा केले आणि हळूच विचारलं, "मुली, तू गणिताला अर्ज का नाही केलास?"

अडीच म्हणून, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

महिन्याने उत्तर आलं. नकार. खाली बाईंनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या: 'ही जागा मला अशा मुलाला द्यावी लागली ज्याला या लिपींशिवाय चैन पडत नाही. तुला कशाशिवाय चैन पडत नाही ते मी बघितलं आहे. पुढच्या वर्षी तिकडे अर्ज कर.'

रविवार होता. बाप स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. तिने पत्र त्याच्यासमोर ठेवलं. हस्ताक्षर त्याला लागेना, म्हणून वरचं छापील तेवढं त्याने दोनदा वाचलं, मग उठून कपाटाच्या वरून जुन्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मातीची हाताएवढी पाटी होती, भाजून कडक केलेली. तिच्यावर टोचून टोचून काढलेली अक्षरं, ओळी मात्र दोरी लावल्यासारख्या सरळ.

"हे 'घर'," बाप बोट ठेवून म्हणाला. "हे 'पाणी'. आणि ही पुढची दोन मिळून 'लेक'. पुढच्या वेळी बरोबर घेऊन जा. दाखव त्यांना, घरीसुद्धा चालतं म्हणावं हे."

"हे कुठे शिकलात?"

"संग्रहालयात. गुरुवारी संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ फुकट शिकवतात. मी आणि दोन आज्या, एवढेच असतो."

गप्प बसता आलं असतं. इतके महिने बसलीच होती की. पण त्या सरळ ओळींकडे बघून तिला ते जमेना.

"बाबा, मला यातलं काहीच आवडत नाही. कधीच आवडलं नव्हतं."

बापाचं बोट 'लेक'वरच राहिलं. "मग घेतलास कशाला हा विषय?"

"तिथे गर्दी कमी होती."

बाप मान खाली घालून, चोरी पकडल्यासारखा म्हणाला, "खरं सांगू? मलाही नाही आवडलं. डोकं भणभणायचं. घरी आल्यावर सगळं विसरायचो. पण तू तिकडे गेलीस की फोनवर बोलणार काय आपण? जेवलीस का, झोपलीस का, संपलं. म्हटलं, तुझ्या विषयातलं चार शब्दांचं काही आलं तर तू जरा वेळ फोन ठेवणार नाहीस."

तिला रडू फुटलं. हुंदके देत देतच तिने बाईंच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. "बाबा, मला गणित हवं होतं. पंचकोनाच्या त्या दिवसापासून तेच हवं होतं."

"अगं वेडे," बाप म्हणाला, आणि त्याचाही आवाज फाटला, "मग तसं सांगायचंस ना. त्यातलं थोडं तरी येतं मला."