विल्किनची टोपी

बेसबॉलचा हंगाम एप्रिलच्या थंडीत सुरू होतो आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा थंडीच्या तोंडाशी येऊन संपतो. मधल्या काळात माणसं कळतात, असं म्हणतात. मला जास्त करून त्यांचे पाय कळले. दुसऱ्या बेसपाशी खेळणाऱ्याला प्रतिस्पर्धी म्हणजे अंगावर घसरत येणारे बूट. कोण मुद्दाम पाय उचलतो, कोण शेवटच्या क्षणी बाजूला घेतो आणि कोण घोट्याला लावून वर ‘सॉरी हं’ म्हणतो, हे मला त्यांच्या चेहऱ्यांच्या आधी पाठ व्हायचं. आपल्या संघातल्यांचे चेहरे मात्र ओळखीचे, कारण बसच्या लांबलचक प्रवासात त्यांची झोपलेली तोंडं बघण्याशिवाय दुसरं काम नसतं.

विल्किन पेगेरो झोपेतही हसायचा. तो डोमिनिकन, सान पेद्रोचा; मी नेब्रास्काचा. मोठ्या लीगच्या एक पायरी खाली, मिलबर्नच्या संघात आम्ही पाच हंगाम एकत्र काढले. बॅटरच्या बाजूनं पाहिलं तर दुसऱ्या बेसच्या उजव्या अंगाला तो, डाव्या अंगाला शॉर्टस्टॉप म्हणून मी. पहिल्या बेसवरचा समोरच्या संघाचा गडी दुसऱ्याकडे पळाला, तर दुसऱ्या बेसवर जाऊन कॅचरचा चेंडू कोणी घ्यायचा, हे आधीच ठरवावं लागतं. ते विल्किन ठरवायचा. बॅटरला दिसू नये म्हणून ग्लोव्ह तोंडासमोर धरायचा आणि त्याच्या आडून मला दाखवायचा. तोंड मिटलेलं असलं तर तो जाणार, उघडं असलं तर मी. सगळीकडे हेच करतात. जो जातो त्याची जागा रिकामी पडते, आणि ती बॅटरला आधी कळली तर त्याला घबाडच मिळालं म्हणायचं.

ऑगस्टमध्ये मिलबर्ननं मला केसी फॉल्सच्या संघाला देऊन टाकलं. खेळाडूंची अशी देवाणघेवाण होतच असते, त्यात रागावण्यासारखं काही नाही. मी रागावलो होतो. निघताना विल्किननं बायकोनं केलेलं मांगू डब्यात भरून दिलं. ‘‘तिकडे कोणी कुस्करलेलं केळं विचारणार नाही तुला, म्हाताऱ्या,’’ म्हणाला. कोणी विचारलं नाही.

हंगामाचे शेवटचे सामने नेमके मिलबर्नलाच होते. शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी आमचा मॅनेजर लाइल स्ट्राउड यानं मला बोलावलं.

‘‘पुढच्या वर्षी एकच जागा आहे, प्रुइट. तू, नाहीतर तो टेक्ससचा. वरचे लोक आज मला नाव विचारणार.’’

‘‘आणि तुम्ही कोणाचं सांगणार?’’

‘‘तो बावीसचा आहे, तू तेहतीसचा. मला बोलायला काहीतरी दे, बाबा.’’

मला खेळाशिवाय दुसरं काही येत नाही. बेसबॉल सुटला की मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसायचं, आणि मेहुणा कसा आहे हे मी जाणून होतो. मला अजून एक हंगाम हवा होता. लाज सोडून हवा होता.

सरावाच्या वेळी विल्किन आपण होऊन भेटायला आला. सोबत माझ्या जागी आलेला नवा शॉर्टस्टॉप, ड्रू हॅन्सन. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी म्हणालो, ‘‘एक सांगू? तू तोंड उघडतोस ना, तेव्हा तुझी टोपी वर जाते.’’

‘‘काय?’’

‘‘भुवया चढतात, त्यांच्याबरोबर टोपीही. ग्लोव्हच्या वरून दिसते. काल बॅटिंग करताना पाहिलं.’’

‘‘आणि पाच वर्षं काय झोपला होतास?’’

‘‘पाच वर्षं शेजारी उभा राहून तुझं थोबाड बघत होतो. समोरून बघायची पाळी कालच आली.’’

विल्किननं तिथल्या तिथे तोंड उघडून पाहिलं. टोपी उचलली गेली. ड्रू पोट धरून हसायला लागला.

‘‘पण हे मला का सांगतोस, येड्या? आज तू आमच्याविरुद्ध आहेस.’’

‘‘दुसऱ्या कोणाला दिसायच्या आत सुधार, म्हणून.’’

मी हे मनापासून सांगितलं होतं. मैत्रीखातर सांगितलं होतं, आणि सांगून बरं वाटलं होतं.

सामन्याचा शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेनं मागे, दोन गडी बाद, तिसऱ्या आणि पहिल्या बेसवर आमची माणसं. आणि पाळी माझी. स्ट्राउडनं खूण केली की चेंडू सुटताच पहिल्या बेसवरचा पळणार. अशा वेळी मी चेंडू उजवीकडे ढकलतो. पोटापाण्याला लागल्यापासून तेच करत आलोय, त्यावरच इतकी वर्षं टिकलो. पलीकडच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

विल्किननं ग्लोव्ह तोंडासमोर नेला. मी पिचरकडे बघायला हवं होतं. मी टोपीकडे बघितलं. ती वर गेली.

म्हणजे ड्रू जाणार, डावी बाजू मोकळी. याला सकाळी सांगितलं तरी ढिम्म फरक नाही, कधी ऐकेल तर शपथ, असंही मनात येऊन गेलं. गडी पळाला, चेंडू आला आणि मी तो जोर लावून डावीकडे ओढला. मस्त बसला. ड्रू जागचा हललाच नव्हता. चेंडू जमिनीवरून सरळ त्याच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि माझ्याआधी पहिल्या बेसवर पोहोचला. मी बाद, सामना गेला. विल्किन दुसऱ्या बेसवर जाऊन उभा होता. उजवीकडची त्याची जागा सताड मोकळी होती.

माझं डोकं फिरलं. मी चांगुलपणानं सांगायला गेलो आणि यानं त्याचाच सापळा केला! ड्रेसिंग रूमच्या वाटेवर मी त्याला मनातल्या मनात इंग्रजीत आणि त्यानंच शिकवलेल्या स्पॅनिशमध्ये शिव्या घातल्या. तेवढ्यात मागून धावत येऊन त्यानंच मला मिठी मारली.

‘‘म्हाताऱ्या, तू वाचवलंस रे! टोपी काही एका दिवसात सुधरेना. मग ड्रूला म्हटलं, खूणच उलटी करू. आता उघडं तोंड म्हणजे मी जाणार. तू बोलला नसतास तर आमच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं!’’

‘‘बरं केलंत,’’ मी म्हणालो.

‘‘अरे, माझी तर तंतरली होती! बॅटिंगला तू, आणि मी जुन्या सवयीनं तोंड उघडून बसलो, म्हणून जागा सोडून निघालेलो. म्हटलं, हा नेहमीसारखा उजवीकडे ढकलतोय आणि आपण मेलो. जन्मात कधी डावीकडे मारतोस का तू? आजच कसं काय…’’

तो बोलायचा थांबला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळे हसत नव्हते.

‘‘चेंडू आत, अंगाजवळ आला होता,’’ मी म्हणालो.

‘‘बाहेर होता,’’ विल्किन हळू आवाजात म्हणाला. ‘‘कॅचर पिचरकडे कुठला चेंडू मागतो ते मला दिसतं, प्रुइट.’’

इतक्या वर्षांत त्यानं मला आडनावानं कधी हाक मारली नव्हती. त्यानं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. आतून त्याचे लोक त्याला बोलवत होते, तो गेला.

स्ट्राउडनं टेक्ससवाल्याचं नाव दिलं. मी मेहुण्याच्या दुकानात बसायला लागलो. मेहुणा वाटला होता तितका वाईट निघाला नाही.

दर नाताळला विल्किनचा फोन यायचा. त्या वर्षी आला नाही, तेव्हा मीच केला. त्याच्या बायकोनं उचलला, ‘‘थांबा हं, भाऊजी,’’ म्हणाली आणि आत गेली. मागे ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती, कोणीतरी मोठमोठ्यानं किस्सा सांगत होतं. मग तो आवाज मध्येच बंद झाला. ती परत आली आणि म्हणाली, तो घरी नाही.